उचकी

हैमाला दुपारी दोन वाजता सावली फक्त गाडीखाली असते.
मी तिथेच होतो, पाठीखाली पुठ्ठा घेऊन,
तेव्हा सालिम बिन मुबारकचा पिकअप आला
आणि गॅरेजच्या फाटकात मेला.
शहाण्णवचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर,
मागे दोन बकऱ्या, एक पाण्याचं पिंप.

"सपाटीला ठीक," म्हातारा म्हणाला,
"वाळूचा चढ लागला की उचक्या देतो, मग बंद.
मी उतरतो. कहवा पितो.
पुन्हा चावी मारली की चालू,
जसा काही त्या गावचाच नाही."
निझव्यात त्याला पंप बदलायला सांगितलं होतं.
साडेतीनशे रियाल.
हा आकडा तो बकऱ्यांना ऐकू जाणार नाही
इतक्या हळू बोलला.

आमच्याकडे उचकी लागली
की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात.
एकेकाचं नाव घ्यायचं.
बरोबर नाव आलं की थांबते.
मी सतरा नंबरचा पाना उचलला
आणि नावं घ्यायला लागलो.

फिल्टर.
तळाशी चमचाभर पाणी, आणि वाळू
तांदळाच्या पिठीसारखी, चिमटीत धरली तरी न कळणारी.
नवा बसवला, हातपंप दाबत राहिलो
अंगठ्याला कडक लागेपर्यंत.
सुहैबने पाण्याच्या टाकीमागचा चढ घेतला.
अर्ध्यावर उचकी.

एअर.
वीतभर पारदर्शक नळी मध्ये जोडली,
बॉनेट उघडं ठेवून रेस द्यायला लावली.
बुडबुडा एक नाही.
पण नळी बघता बघता चपटी झाली,
गाल आत ओढून कुल्फी चोखणाऱ्या पोरासारखी.
हे मी लक्षात ठेवलं.

टाकीचं टोपण.
काढलं. हिस्स आवाज आला नाही.
टोपण खिशात घालून सुहैब पुन्हा गेला,
पुन्हा पायी आला.

मग चिपळूणचा बाबू शिर्के आठवला,
ज्याच्या हाताखाली मी चार वर्षं फक्त बोल्ट धुतले.
"इंजिनाला एकदा शेजारी जेवू घाल," म्हणायचा.
"तिथे पोट दुखलं नाही
तर आपल्या घरचा हंडा बघ."
दहा लिटरचा कॅन सीटपाशी बांधला,
जाणारी नळी त्यात, परतीची नळी त्यात,
आणि या वेळी मीच चढ घेतला.
तीनदा. तिसऱ्यांदा बकऱ्यांसकट.
उचकी नाही.

"पंप जिवंत आहे," मी म्हणालो.
म्हाताऱ्याने देवाचे आभार मानले
आणि साडेतीनशे रियालमध्ये काय काय येतं
ते बोटांवर मोजत बसला.

टाकी उतरवायला संध्याकाळ झाली.
पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले,
एक तुटला, दुसऱ्याने माझं कोपर सोललं.
तीन बादल्या डिझेल काढलं, आत टॉर्च मारला:
तळाला कापड.
तळहाताएवढं, कधीतरी पांढरं असलेलं,
कडेला जांभळी नक्षी.
इंजिनाने जोर लावला की ते वर यायचं,
ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला चिकटायचं.
इंजिन मेलं की सुटून खाली बसायचं.
तेवढ्यात म्हाताऱ्याचा कहवा पिऊन व्हायचा.

चिमट्याने काढून मी ते त्याच्यापुढे धरलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"सैफ," म्हणाला.
"सैफ कोण?" सुहैबने विचारलं.
"टोपण हरवणारा.
डोक्याचा मसर फाडून बोळा कोंबला होता,
म्हणाला, बाबा, घरापर्यंत पुरेल."
"आता कुठे असतो?"
"दुक्मला. बंदरात."
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"फोन लागत नाही तिकडे."
दुक्मला फोन लागतो. मी काही बोललो नाही.

कापड फेकायला मी हात मागे नेला
तर त्याने मनगट धरलं.
बादलीतल्या डिझेलमध्येच खळबळून, पिळून,
चौपदरी घडी घालून
खिशात ठेवलं. दिशदाशावर डाग पसरत गेला.

बिल झालं अठ्ठावीस रियाल.
ते त्याने मोजून दिले, एक शब्द न बोलता.
हरवलेल्या टोपणाच्या जागी आलेलं टोपण
कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं होतं, झाकायचं पण बसायचं नाही.
मी नवं दाखवलं, दोन रियाल.
त्यावर मात्र तो
बकऱ्या झोपेपर्यंत घासाघीस करत बसला.