अडीचशे वॅट

खोक्यावर लिहिलंय अडीचशे वॅट,
किंमत एकोणतीस युरो नव्वद सेंट.
दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर होता,
वाकल्याशिवाय दिसणार नाही असा.
माझी कंबर कुरकुरली,
तरी वाकले.

उंची माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत.
वजन एक किलो शंभर,
स्वयंपाकघरातल्या काट्याची चूक धरून.
रबराचे चार पाय, त्यातला एक अधू.
वायर इतकी आखूड
की यंत्र माझ्याकडे येत नाही,
मलाच त्याच्याकडे जावं लागतं, भिंतीच्या कोपऱ्यात,
शिक्षा झालेल्या पोरीसारखं.

चौतीस वर्षं मी तांपेरेच्या कापडगिरणीत
मागांची तपासनीस होते.
दीडशे माग एकदम बोलत,
त्यातला खोटं बोलणारा कुठला
ते मला दारातूनच कळे.
गिरणीनं पगार दिला, पेन्शन दिली,
आणि उजवा कान ठेवून घेतला.
आता तिथे हॉटेलं आहेत. विटा त्याच.

म्हणून मी यंत्र ऐकत नाही.
हात लावते.

पहिली चाचणी : ओट्स, दूध, अर्धं केळं.
वीस सेकंद. तक्रार नाही.
पण हे तर काट्याचमच्यानंही झालं असतं.

दुसरी : ऑगस्टमध्ये रानात जाऊन वेचलेल्या ब्लूबेरी,
फ्रीजरमध्ये गोठून छर्रे झालेल्या.
तळहाताखाली आधी थरथर, मग धाप,
मग खाली पातं नुसतंच फिरतंय
आणि फळं वर बसलेली,
सभेतल्या शेवटच्या रांगेसारखी, हाताची घडी घालून.
कप काढला, उलटा केला, झटकला, परत बसवला.
हे माहितीपत्रकात नाही.
तिथल्या चित्रातली बाई फक्त हसते.

तिसरी : बर्फ.
गर्जेल तो पडेल काय, म्हणतात.
हा गर्जला भरपूर, आणि थोडासा पडलाही.
चाळिसाव्या सेकंदाला वास आला.
ओळखीचा. तापलेलं तांबं, वार्निश,
सात नंबरचा माग जळाला त्या रात्रपाळीचा.
बटणावरचं बोट आपोआप उठलं.
बोटाला कुणी कळवलेलं नाही
की मी निवृत्त झाले.

तेवढ्यात सपातांमधून जमीन ठोकली गेली.
खालच्या मजल्यावरचा ओस्मो. झाडूचा दांडा.
मग तो स्वतःच वर आला, लोकरी मोज्यांवर :
"रविवारी सकाळी घरात विमान उतरवतेस का?"
नऊ वर्षांत जिन्यात आम्ही जे बोललो
ते सगळं हवेविषयी होतं,
हे पहिलं वाक्य निराळं.

खोक्यात कप दोन निघाले होते.
एकट्या माणसासाठीच्या यंत्राला दुसरा कप कशाला,
म्हणून तो मी प्लॅस्टिकमध्येच ठेवला होता.
फाडला. ओतलं. दिलं.
तो दारातच उभा राहून प्यायला.
"आंबट आहे."
साखर देऊ?
"नको. आंबट आहे, एवढंच."
दात जांभळे झालेले. त्याला ठाऊक नव्हतं.
मग कप उजेडाकडे धरून म्हणाला, "गळतोय."

आणि खरंच, कडेच्या आट्यांखाली एक थेंब,
जांभळा, सावकाश.
चौतीस वर्षं तपासनीस,
आणि तो मला दिसला नव्हता.

वहीत लिहिलं :
धुवायला सोपा. बर्फाला नालायक.
चार माणसांच्या घरानं विचारूही नये.
गळती आहे. नोंद ओस्मोची.

परत करायला चौदा दिवस होते.
पावती फ्रीजवर, लोहचुंबकाखाली.
आज कितवा दिवस ते मोजलेलं नाही,
मोजणं हा माझा धंदा होता, छंद नव्हे.

काल ओस्मो वॉशर घेऊन आला,
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून
कात्रीनं कापलेलं.
एक मिलिमीटर मोठं आहे.
अजून सांगितलं नाही.