त्रेपन्न इंची

भानुशाली शेठनं भिंतीला टांगायचा नवा घेतला
तेव्हा जुना तात्यांच्या गळ्यात मारला.
चार हजार, दोन हप्त्यांत.
मसाला मार्केटपासून कोपरखैरण्यापर्यंत टेम्पोनं,
टेम्पोपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत
तात्या, रंगराव शेडगे, आणि मागून ढकलायला अख्खी चाळ.
पोत्याला कान असतात, तात्या म्हणाले,
याला धरायचं कुठं?
जिन्याच्या वळणावर तिघंही अडकून उभे,
तेवढ्यात रंगरावांनी विचारलं, वाराई कोण देणार?
आणि हसण्यानं टीव्ही खाली येता येता राहिला.

खोली दहा बाय बारा.
कपाट बाहेर पॅसेजमध्ये गेलं,
शिलाई मशीन पलंगाखाली,
मी टीव्हीच्या डोक्यावर वही ठेवून उभ्यानं दहावी केली.
फायदा विचाराल तर आधी हाच सांगेन:
त्याचं डोकं उबदार होतं.
जानेवारीत आई विरजण तिथं ठेवायची,
मॅच संपेपर्यंत दही घट्ट.

आणि मॅच तरी कशी!
बॉल लिंबाएवढा,
पंचाच्या कपाळावरचा घाम मोजावा.
फक्त आम्हाला मागं सरकायला जागा नव्हती.
पाठ भिंतीला, नाक काचेला,
इतक्या जवळून माणसाच्या नुसत्या रेघा होतात.
खरं चित्र समोरच्या निकमांच्या उंबऱ्यातून दिसायचं.
लाइटबिल आमचं,
थेटर निकमांचं.
काकू सकाळी नळावर सांगायच्या,
काल तुमच्या टीव्हीत नवरीनं काय शालू नेसला होता!
आई विचारायची, कुठल्या रंगाचा?

कारण आई ओट्याशी, कडेला.
आणि तो फक्त समोर बसणाऱ्याशी बोलणारा टीव्ही.
कडेनं बघावं तर डांबर,
जरा वाकून बघावं तर राख.
अकरा वर्षं तिनं मालिका ऐकल्या.
लसूण सोलता सोलता सांगायची,
आता ही थोबाडीत देणार,
आणि द्यायची.

आत तीन नळ्या, तांबडी, हिरवी, निळी.
तिन्ही एका जागी पडल्या तर माणूस.
पाचव्या वर्षी तांबडी सरकली.
बातम्या देणारीच्या खांद्यामागं एक लाल बाई उभी राहू लागली,
मंत्र्यामागं लाल मंत्री.
तुर्भ्याहून इलियास आला,
फुलीवर फुली बसवली, तीनशे घेतले,
दिवाळीपर्यंत फुल्या पुन्हा फाकल्या.
दुसऱ्यांदा तात्यांनी त्याला बोलावलं नाही.
असतोच की प्रत्येकामागं एक, म्हणाले,
आपल्याला इथं दिसतो एवढंच.

माझ्या पगारातून नवा आला तो एका हातात आला.
कॅलेंडरसारखा खिळ्यावर.
तात्यांना ते आवडलं नाही.
जुना भंगारात द्यायच्या आदल्या रात्री
स्क्रूड्रायव्हर घेऊन ते त्याच्या पाठीशी बसले.
मागची फळी निघाली.

आत हवा.
तळाशी तीन नळ्या, जाळी, मूठभर वायरी,
मागं एक कलता आरसा,
बाकी सगळी पोकळी,
निकमांचा नातू आत मांडी घालून बसला एवढी.
तात्यांचा हात मानेवर गेला,
चुंबळ बसायची त्या जागी.
आयुष्यभर मिरची वाहिली, हळद, धणे.
वजन म्हणजे आत काहीतरी असतंच,
अशी त्यांची समजूत.
एवढी हवा मी वर आणली?
रंगराव असते तर हसले असते.

भंगारवाल्यानं नळ्या आणि तांबं तोललं,
खोक्याचा रुपयाही दिला नाही.
आरसा आईनं काढून घेतला.
त्याची चांदी वरच्या अंगाला, उघडी.
पहिल्याच फडक्यानं चरा पडला,
तेव्हापासून ती त्याला पुसत नाही,
नुसती फुंकर मारते.

ओट्यासमोर, डब्यांच्या फळीखाली, तसाच कलता ठेवलाय.
त्यात तिला नवा टीव्ही दिसतो.
सगळे डावखुरे,
पदर भलत्याच खांद्यावर,
खालून पळणारी अक्षरं उलटी.
मी म्हटलं, आई, उलटं कसं गं वाचतेस?
सुलटं तरी कुठं वाचत होते,
ती म्हणाली, आरशातून नजर न काढता,
आणि तव्यावरची भाकरी उलटली.