एकाच पेराचं

निशिओहून परतताना बॅगेत तीन गोष्टी होत्या:
हिरव्या पुडीचा डबा, चासेन,
आणि सहा महिन्यांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट.
सर्टिफिकेट उद्यमनगरात, शेठच्या केबिनमध्ये लागलं.
डबा उघडून आई म्हणाली, मेंदी आहे काय रे?

चासेन म्हणजे माचा घुसळायची बांबूची रवी.
रवी म्हटलं की आपल्याला ताक आठवतं, दोरी आठवते;
ही मुठीएवढी, टोकाशी आत वळलेल्या ऐंशी काड्या.
फुमिएबाईंच्या स्वयंपाकघरात
मी एकदा व्हर्नियर लावून काडीची जाडी मोजली होती.
त्या हसल्या नाहीत. मोजून होईपर्यंत थांबल्या.
तोवर किटलीतलं पाणी जरा निवलं.
"बरं झालं," म्हणाल्या, "उकळतं चालत नाही याला."

दोन वर्षांत बत्तीस काड्या मोडल्या.
पुतण्यानं तर एकदा अंडं फेटलं त्यानं.

बुरुड गल्लीत अनुसाक्का सूप विणत बसलेली.
तिनं चासेन घेतलं, उलटं केलं, हुंगलं,
गाठीवरनं अंगठा फिरवला.
"जोड न्हाई की रं कुठं.
एकाच पेराचं हाय.
कुणी केलं?"

डब्यावर मळ्याचं नाव होतं,
खत-औषध न मारल्याचा शिक्का होता,
तोडणीआधी वीस दिवस झाडं सावलीत झाकतात, त्याचं चित्रही होतं.
बांबू तासणाऱ्याचं कुठंच काही नव्हतं.
"आमचं तरी सुपावर कुठं असतंय," म्हणाली,
आणि कोयता शोधायला लागली.

आठ दिवसांनी गेलो.
चार फुटली होती, पाचवं उरलं होतं.
काड्या चोवीस. जाड.
"ह्याच्याहून बारीक मला दिसत न्हाई.
आणि बांबू आजऱ्याचा. रागीट असतोय.
आता करून दाखव."

आधी काहीतरी गोड खायचं असतं.
माझ्या खिशात दौलूमामाचा गूळ होता, पोर्ल्याचा.
मामा गुळात पावडर घालत नाही, भेंडीच्या रसानं मळी काढतो,
म्हणून गूळ काळपट, म्हणून सौद्यात त्याचा नंबर शेवटी.
लोकांना पिवळाधमक लागतो.
तिकडं जितकं हिरवं तितका भाव.
रंगाचं खूळ तिकडंही आहे,
फक्त ते सावलीनं आणतात.

गोल नाही घुसळायचं.
मनगट पुढं-मागं, फाईल मारतो तसं,
पण फाईलवर भार द्यावा लागतो,
इथं काढून घ्यायचा.
फेस आला, मोठमोठ्या बुडबुड्यांचा,
गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात पडते तसा.
फुमिएबाई काही बोलल्या नसत्या.
पुन्हा कर, एवढंच म्हणाल्या असत्या.

"रंकाळ्याचं शेवाळ रं हे," अनुसाक्का म्हणाली,
पदराला हात पुसले,
वाडगा दोन्ही तळव्यांत घेतला
आणि फिरवला. एकदा. मग अजून जरासा.
मी बघतच राहिलो.
हे शिकायला मला कितीतरी रविवार लागले होते:
वाडग्याची दर्शनी बाजू आपल्या ओठाला लागू द्यायची नाही,
म्हणून फिरवायचा.

ती टवका न उडालेली कड शोधत होती.

गुळाचा खडा गालात धरून प्याली.
"कडू हाय. पर मागनं बरं लागतंय."
उरलेला घोट सुनेकडं दिला. सुनेनं तोंड वाकडं केलं.

पैसे विचारले, तर बराच वेळ गप्प.
"सुपाचं दीडशे. ह्याचं काय सांगू?
फुटली ती चार धरू नको."
मोडकं चासेन मात्र तिनंच ठेवून घेतलं,
खिडकीत, तासणीशेजारी.

मी कोपऱ्यावर पोचलो असेन.
मागनं हाक आली:
"त्या मानसाचं नाव कळलं तर सांगून जा."