पारख

चाळीस वर्षं शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला उभा राहिलो.
रव्याला नख लावायचं, कण जिभेवर,
उरला खडा उन्हात धरायचा.
रंग बोलतो, पण खोटंही बोलतो.
पावडर मारलेला गूळ सगळ्यात देखणा.

आता एकाहत्तरीत नावं सापडेनात.
रंकाळ्यावर नेमगोंडानं खिशातनं बाटली काढली.
‘घे. डोकं तल्लख होतंय बघ.
चौदाशेची, तुला बाराशे.’
बाटलीवर कवटीतनं उगवणारा सूर्य.
सूर्याशेजारी एक चांदणी,
आणि पार बुडाशी दुसरी चांदणी,
तिच्यापुढची मुंगीएवढी अक्षरं नातीनं वाचली:
हे औषध नाही. कशावर उपाय असल्याचा दावा नाही.

सौद्यात कोण म्हणालं असतं
‘हा गूळ आहे, पण गोडीचा दावा नाही’,
तर ढेप त्याच्याच डोक्यात घातली असती.

सन्मती फार्मसीला आहे, दुसऱ्या वर्षाला.
‘आज्जा, नख लावून बघूया की.’
तशाच रिकाम्या कॅप्सूल आणून
तिनं आत जोंधळ्याचं पीठ भरलं.
दोन डब्या. एक महिना लाल झाकण, एक महिना पांढरं.
कशात काय, त्याची चिठ्ठी तांदळाच्या डब्यात.
रोज सांजच्याला ती वीस गावं वाचायची,
चहा झाला की मी परत म्हणायची:
मुरगूड, बाजारभोगाव, गारगोटी, कसबा...
कसबा काय?

लाल झाकणाच्या महिन्यात डोक्यात दिवा लागला.
चौऱ्याऐंशीच्या दिवाळीतला भाव आठवला, पैशासकट.
नेमगोंडाला सांगितलं, लागू पडतंय रे.
त्यानं माझं नाव सांगून आणखी तीन बाटल्या खपवल्या.

चिठ्ठी निघाली. लाल म्हणजे जोंधळा.
वहीत लालचे सरासरी अकरा, पांढऱ्याचे सव्वाअकरा.
‘पाव गाव कुठलं गं?’
‘रोज पाठ करताय, त्याचं असेल.
आणि आज्जा, हा एकच रवा झाला.
एका रव्यावरनं अख्ख्या गाडीचा भाव सांगाल?’
नाही सांगणार. पण मग
दुसऱ्याची गाडी बघितल्याबिगर
बाटलीवर सूर्य कुणी काढला?

सकाळी वही घेऊन रंकाळ्यावर गेलो.
नेमगोंडानं आकडे बघितले, चष्मा काढला,
चष्मा पुसला, परत घातला नाही.
‘अक्काताईला वर्षभर देतोय मी.
परवा तिनं मला नावानं हाक मारली.’

कुठल्या नावानं?

‘थोरल्या भावाच्या.
पण हाक मारली की रे.’