तीसपैकी एकोणीस

आज सुकती पहाटे चारला लागली.
चिखलीच्या खाडीत एर्मेलीन गुडघाभर चिखलात,
मी तिच्या मागे बर्फाचा डबा सांभाळत,
बुटांत पाणी.

ती दोन कालवं एकमेकांवर आपटते. ऐकते.
एक तिच्या पिशवीत जातं,
एक माझ्या डब्यात.
"हें तुजें. पोकळ वाजता."
अशी तीस झाली. काही जांभ्याच्या खडकावरची,
काही कुवेलकरांच्या तराफ्याच्या दोरांवरची,
जिथे बी बाहेरगावाहून आलं होतं
पाण्याच्या टाकीत, ट्रकने.

प्रयोगशाळेत सुरीचं टोक बिजागरीत घालून
फिरवलं, की कालव सुस्कारा टाकतं.
कल्ल्यांची झालर कात्रीने कापायची,
नळीत बुडवायची, कपाटात अंधारात ठेवायची.
सहा दिवस दार उघडायचं नाही.
सातव्या दिवशी काचपट्टीवर आयोडीनचा एक थेंब,
आणि डोळा लावला तर
निळेकाळे मणी.
आईची पोत तुटली होती एकदा स्वयंपाकघरात,
चुलीखाली, पाटाखाली, पिठात,
आम्ही दोन दिवस वेचत होतो.
तसे. मांसात, सगळीकडे.
आणि वेचता येत नाहीत.

तीसपैकी एकोणीस.

कुवेलकरांचा फोन: खडकावरून आलं असणार,
रानटी कालवांतून, तसं लिहा.
जेटीवरच्या बायका म्हणतात, तराफा आल्यावरच.
मी मणी मोजते.
मण्यावर गावाचं नाव नसतं.

एर्मेलीनने एकच विचारलं:
माणसाला होतं का?
नाही, म्हटलं.
मग ती पुन्हा वाकली. मे महिन्यात
मोठ्या कालवांना डझनामागे बरा भाव असतो,
आणि मोठी आता चिखलात हात
कोपरापर्यंत घातला तरी लागत नाहीत.

अहवालात एक रकाना आहे: नमुने कसे निवडले.
तिथे "सहज, जसे हाताला लागले तसे" असं छापील वाक्य असतं.
मी ते खोडलं. पेन थांबलं.
काय लिहू?
एका बाईने ऐकून दिले?

परत गेले, तिच्या पिशवीतली दहा मागितली.
भरीव वाजलेली.
"तांचे पयशे पडटले," ती म्हणाली,
आणि घेतलेही, ओल्या हाताने मोजून.
त्या दहांत चार मणीवाली निघाली.
तिला सांगितलं नाही अजून.

पण रात्री झोप येईना ती त्यांच्यामुळे नाही.
पहिल्या तिसांतली ती उरलेली अकरा:
पोकळ वाजली, तिने टाकली,
मी कल्ले पाहिले, मग पाचकग्रंथीही,
मेणात बसवून कागदाहून पातळ काप काढले,
गुलाबी रंगवले, जांभळे रंगवले.
स्वच्छ. एकही मणी नाही.
त्यांचं काय बिनसलं होतं
ते तिच्या कानाला कळलं,
आणि माझ्या फडताळात
त्याला लागेल असा रंग नाही.