चाळीस मिनिटं

पाथर्डी फाट्याच्या पुढे नवं फाटक लागलंय,
काचेचं, आपोआप उघडणारं.
मनगटाला निळी पट्टी बांधतात,
ती टेकवली की आत.
पूर्वी इथे दगूभाऊ असायचे,
पत्र्याच्या खिडकीत, कानावर पेन्सिल.
गुलाबी तिकीट फाडून अर्धं परत द्यायचे,
विचारायचे, "उंची किती गं तुझी?"
आणि न मोजताच सोडायचे.

आता मोजतात. शर्वीला मोजलं.
एकशे अठरा. उलट्या झुल्याला दोन सेंटीमीटर कमी.
ती रडली, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.
बरं वाटलं म्हणून जरा लाजही वाटली.

जुनी बाग पाडणार कळलं त्या रात्री
साडेअकराला भावाला फोन केला होता मी.
तो म्हणाला, "तू शेवटची कधी गेलीस?"
एकोणीस वर्षं.
एकोणीस वर्षं वीस रुपयांचं तिकीट काढलं नाही
आणि रडायला सगळ्यांच्या पुढे.

होतं तरी काय तिथे?
सिमेंटचा जिराफ, मान दोनदा चिकटवलेली.
झुकझुक गाडी, अर्धा वेळ दगूभाऊंचा पुतण्याच ढकलायचा.
आरसेमहालात मुतारीचा वास.
घसरगुंडीच्या पत्र्यानं मांडीवर ओढलेली रेघ
अजून आहे माझ्या.

आणि आकाशपाळणा.
मे महिना, अण्णा प्रेसमधून थेट आलेले,
बोटांना शाईचा वास.
आम्ही पार वर टोकाला, आणि आमच्या बाजूची वीज गेली.
चाळीस मिनिटं.
खाली आई हाका मारत होती,
वर पाळणा जुन्या बाजेसारखा कुरकुरत होता.

अण्णा घरी बोलायचे नाहीत.
जेवताना फक्त "मीठ."
तिथे बोलले.
हा पांडवलेण्यांचा डोंगर,
तुझ्याएवढा होतो तेव्हा बकऱ्या घेऊन चढायचो.
ते लांबचे दिवे नाशिकरोडचे.
दिवसभर इतक्या नोटा मोजतो, म्हणाले,
की स्वतःचा पगार हातात आला की खोटा वाटतो.
मग बराच वेळ गप्प.
मग, "मला उंचीची भीती वाटते गं."
वीज आली.
दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मीठ.

तो पाळणा पाडला ते बरंच झालं,
बोल्ट म्हणे हातानं निघत होते.
नवा पांढराशुभ्र, बंद डबे, आत गारवा,
मागे जनरेटर घोंघावत उभा.
हा अडकत नाही.

वर गेलो. डोंगर तेवढाच होता,
द्राक्षबागेच्या जागी गोदामं, उड्डाणपूल,
गच्च्यांवर काळ्या टाक्याच टाक्या.
मी म्हटलं, "हे बघ, तुझे आजोबा इथे..."
तोवर खाली आलो होतो.
चार मिनिटं.

"परत!" शर्वी म्हणाली.
या खेपेला मी दार लागायच्या आधीच सुरुवात केली,
भरभर, बस सुटत असल्यासारखी.
बकऱ्यांपर्यंत पोचले.
नोटांचं राहिलं.
पट्टीतले पैसे संपले होते,
आणि फाटकापर्यंत ती विचारत राहिली,
इतक्या उंच गेल्यावर
बकऱ्यांना भीती वाटायची का.