एकास बारा

रबाळ्याच्या गाळा नंबर चौदामध्ये
धर्माजी मढवी आले
डब्याच्या झाकणाखालून काढलेला कागद घेऊन.
तेलाचा एक डाग, आणि पेन्सिलीनं काढलेलं विमान:
बाजूनं, वरून, पुढून.
कोपऱ्यात अर्जावर लिहावं तसं सुवाच्य:
नॅट. एकास बारा.

"पंखांचा कोन चाळीस," म्हणाले.
"एकोनचालीस केलास, तं मना कलंल."

मी दिवसभर पंपाचे फ्लँज कापते.
माझ्या मशीनला कुणी असं धमकावलं नव्हतं.

लाकूड त्यांनीच आणलं,
दिवागावच्या खाडीत वडील जी होडी घालत तिची फळी,
सागाची, मिठानं करडी झालेली.
कापताना गाळाभर वास सुटला,
शेजारच्या प्लेटिंगवाल्यानं विचारलं, काय शिजवताय?

शनिवारी ते कानशीनं पंख घासत बसायचे.
मशीननं कापलेली कड त्यांना पटत नव्हती.
"याला कोन कलतो. घाई नाय कलत."

घासता घासता सांगायचे,
मला नाही, पंखाला.
की ते इतकं बुटकं होतं
की शिडी लागायचीच नाही.
आपण उभे, विमान उभं, खांद्याला खांदा,
आणि त्याच्या पोटात हात घालायचा कोपरापर्यंत,
अडलेल्या गाईच्या घालतात तसा.

वेगळे ब्रेक नव्हते.
चाकांची झाकणंच अर्धी उघडून हवेला अडवायची.
आईचं एकच लुगडं असतं ना,
तेच रात्री पांघरूण, तेच बाळाची झोळी,
तसं.
कुणीतरी कागदावर एकेक गोष्ट खोडत गेला असणार
आणि खोडता येईना ते उरलं,
ते उडालं.

दोन तोफा होत्या. हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या
दोन्ही ओठांत. श्वासाच्या जागीच.
ती भोकं मी दोन मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडली,
आणि मॉडेल एकदम विमान दिसायला लागलं,
सुंदर, म्हणजे अगदी सुंदर,
आणि मी ड्रिल बंद करून थोडा वेळ
बाहेर चहाच्या टपरीशी उभी राहिले.
वरून विमानतळाकडे एक मोठं जहाज गेलं, तीनशे माणसांचं.
मढवी आतच होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंग देण्याच्या आदल्या दिवशी
त्यांनी पाकिटातून एक स्क्रू काढला.
पॅनेलचा. बोटाच्या पेराएवढा, डोकं झिजलेलं.

एकाहत्तरचा डिसेंबर. पहाटे काळोखात
आठ काढले, आठ बसवले, मोजले, परत मोजले.
पट्टे आवळले, काचेवर थाप मारली: जा.
मग खिशात हात घातला
तर हा.

आदल्या विमानाचा असंल.
असंलच.
ते विमान संध्याकाळपर्यंत आलं नाही
त्याची पन्नास कारणं असू शकतात,
आणि एक्कावन्नावं
गेली कितीतरी वर्षं त्यांच्या पाकिटात
रेशन कार्डाशेजारी.

"हा पोटाला बसव," म्हणाले.

मी बसवून पाहिला.
एकास बारा मापाला तो स्क्रू
वैमानिकाच्या धडाएवढा होतो.
भोक पाडलं असतं तर फळी चिरली असती,
होडीची फळी, नखाएवढ्या पातळ पोटाची.
मी म्हटलं, काका, नाही बसणार.

त्यांनी तो तळहातावर घेतला,
मॉडेलच्या बाजूला धरला,
एक डोळा मिटून दोन्हींकडे पाहिलं,
फिटर पाहतो तसं.

"मापात नाय," म्हणाले,
आणि पहिल्यांदा, मला वाटतं, थोडं हसले.

आता मॉडेल त्यांच्या टीव्हीवर असतं.
नातू ते हातात धरून तोंडानं आवाज काढत
जिन्यावरून पळतो. तोफांचा आवाज जास्त काढतो.
मढवी ओरडत नाहीत.
फक्त पंख धरायला शिकवतात:
टोकाला नको, मुळाशी.
मुळाशी जोर असतो.